सूर्याचे दप्तर : सौरनिरीक्षणांच्या विशाल संग्रहांचे जतन आणि वितरण – कोडाईकनालच्या विशेष संदर्भात

सारांश : सूर्याच्या निरीक्षणांचा संग्रह हा विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत दीर्घकाळ चालत आलेल्या दप्तरांपैकी एक होय. प्रस्तुत निबंधात कोडाईकनाल वेधशाळेचा शतकभराचा छायाचित्रसंग्रह केंद्रस्थानी ठेवून अशा नोंदींचे जतन, वर्णन आणि वितरण या तीन कार्यांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. संग्रहाचे मोल त्याच्या आकारमानावर ठरत नाही. ते नोंदींच्या सातत्यावर, आणि त्याहूनही अधिक प्रत्येक नोंदीसोबत लिहून ठेवलेल्या तपशिलावर ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : सौरडाग, कोडाईकनाल वेधशाळा, काचपट्टी, अंकीकरण, मेटाडेटा, आदित्य-एल१

प्रस्तावना

सूर्यावरील डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या आवर्तनाने वाढते व घटते. एखाद्या निरीक्षकाने पस्तीस वर्षे अखंड काम केले, तरी त्याला अशी जेमतेम तीन आवर्तने पाहता येतात. तीन उदाहरणांवरून कोणताही नियम निश्चित करता येत नाही. त्यामुळे सूर्याचा अभ्यास हा स्वभावतःच वारसाहक्काने चालणारा अभ्यास आहे. आजच्या संशोधकाला मागील पिढ्यांच्या नोंदी लागतात आणि त्याच्या नोंदी पुढील पिढ्यांना लागणार असतात.

या शास्त्राची सुरुवातच मुळी दप्तर राखण्यातून झाली. जर्मनीतील देसाऊ येथील हौशी निरीक्षक हाइनरिश श्वाबे यांनी १८२६ पासून नेमाने सूर्य पाहिला आणि १८४३ मध्ये डागांचे आवर्तन सुमारे दहा वर्षांचे असावे, असे प्रसिद्ध केले. झुरिक येथील रुडॉल्फ वोल्फ यांनी पुढे जुन्या निरीक्षकांच्या वह्या व पत्रे धुंडाळून ही मालिका अठराव्या शतकापर्यंत मागे नेली. इतिहासाचा अभ्यासक जे काम बखरी आणि पत्रव्यवहार यांच्या बाबतीत करतो, तेच वोल्फ यांनी सूर्याच्या बाबतीत केले. साधने शोधणे, त्यांची विश्वसनीयता तपासणे आणि निरनिराळ्या लेखकांच्या नोंदी एका मापात आणणे, हे ते काम होय. आज हा संग्रह वह्यांमधून संगणकांत आला असला, तरी मूळ प्रश्न बदललेला नाही. नोंद टिकवायची कशी, ती समजेल अशी ठेवायची कशी आणि ती मागणाऱ्याच्या हाती पोहोचवायची कशी, हाच तो प्रश्न होय.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) सौरनिरीक्षणांच्या संग्रहांची ऐतिहासिक जडणघडण समजून घेणे.
२) कोडाईकनाल येथील संग्रहाचे स्वरूप व त्याच्या अंकीकरणातील अडचणी अभ्यासणे.
३) अवकाशयुगातील डेटावितरणाच्या पद्धतींचा या पार्श्वभूमीवर विचार करणे.

ग्रीनिच मालिका : आगबोटीने होणारे वितरण

इंग्लंडमधील ग्रीनिच वेधशाळेने १८७४ पासून सूर्याच्या दैनंदिन छायाचित्रांवरून डागांचे स्थान व क्षेत्रफळ मोजण्याचा उपक्रम सुरू केला. इंग्लंडचे आकाश बहुधा ढगाळ असल्यामुळे एका ठिकाणच्या निरीक्षणांवर ही मालिका अखंड राहणे शक्य नव्हते. म्हणून डेहराडून, मॉरिशस, केप आणि पुढे कोडाईकनाल येथील छायाचित्रांचा उपयोग करून राहिलेले दिवस भरून काढले जात. नाजूक काचा समुद्रमार्गे पाठवल्या जात, एकाच ठिकाणी एकाच पद्धतीने मोजल्या जात आणि त्यांचे निष्कर्ष छापील कोष्टकांच्या रूपाने जगभरच्या वेधशाळांना मिळत. अनेक ठिकाणी निरीक्षण, एके ठिकाणी मोजमाप आणि सर्वत्र वितरण, ही आजच्या डेटाकेंद्रांची रचना त्या काळी आगबोट आणि छापखाना यांच्या आधारे उभी राहिली होती. एडवर्ड आणि अ‍ॅनी माँडर या दांपत्याने १९०४ मध्ये तयार केलेली सुप्रसिद्ध 'फुलपाखरू आकृती' याच नोंदींतून निघाली. आवर्तन पुढे सरकते तसतसे डाग सूर्याच्या विषुववृत्ताकडे कसे सरकतात, हे त्या आकृतीत एका दृष्टिक्षेपात दिसते.

ग्रीनिचची मालिका १९७६ मध्ये थांबली. पुढील काळासाठी अमेरिकी हवाई दलाच्या निरीक्षणजाळ्यातील मोजमापे वापरात आली; परंतु दोन्ही मालिका जशाच्या तशा जोडता येईनात. नव्या मालिकेतील डागांची क्षेत्रफळे पद्धतशीरपणे कमी भरत. ती जुन्या मापात आणण्यासाठी सुमारे १.४ ने गुणावी लागतात. सूर्य बदललेला नव्हता. बदलली होती ती मोजण्याची रीत. एखादी दीर्घ मालिका बंद पडल्यास नुकसान केवळ पुढच्या वर्षांचे होत नाही. मागील शंभर वर्षांचा पुढील काळाशी असलेला सांधाही निखळतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

दुष्काळातून जन्मलेली वेधशाळा

कोडाईकनाल वेधशाळेची पार्श्वभूमी भारताच्या सामाजिक इतिहासाशी निगडित आहे. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळाने मद्रास इलाखा आणि मुंबई इलाख्याचा दख्खन भाग होरपळून निघाला. याच सुमारास, १८७७ मध्ये, नॉर्मन लॉकयर आणि विल्यम हंटर यांनी सौरडाग आणि दुष्काळ यांचा संबंध असल्याचे मत मांडले. सूर्यावर लक्ष ठेवल्यास पावसाचा अंदाज आधी बांधता येईल, अशी आशा त्यामुळे राज्यकर्त्यांत निर्माण झाली. मद्रासचे शासकीय खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन पॉगसन यांनी १८८२ मध्ये दक्षिणेतील डोंगराळ प्रदेशात मोठी दुर्बीण असावी, असा प्रस्ताव मांडला. चार्ल्स मिची स्मिथ यांनी जागांची पाहणी केली, पलनीच्या डोंगरांतील कोडाईकनालची निवड झाली आणि १८९५ मध्ये तेथे कोनशिला बसवण्यात आली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे नियमित निरीक्षणे सुरू झाली.

याच काळात पुण्यातही सूर्याच्या अभ्यासाचे एक केंद्र होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून सायन्स कॉलेजात उभारलेली 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' कावसजी दादाभाई नाएगमवाला यांनी सांभाळली. जानेवारी १८९८ मधील खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. परंतु ही वेधशाळा बहुतांशी एका व्यक्तीच्या कर्तृत्वावर उभी होती. १९१२ मध्ये नाएगमवाला निवृत्त होताच ती बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला नेण्यात आली. उपकरणे स्थलांतरित करता येतात, सातत्य मात्र संस्थेलाच राखावे लागते, हा बोध महाराष्ट्राच्या विज्ञानेतिहासातून मिळतो.

ज्या हेतूने कोडाईकनालची वेधशाळा स्थापन झाली, तो मात्र सफल झाला नाही. गिल्बर्ट वॉकर यांनी सौरडाग आणि पर्जन्य यांचा संख्याशास्त्रीय पडताळा घेतला, तेव्हा मान्सूनचा भरवशाचा अंदाज देण्याजोगा संबंध हाती लागला नाही. तरीही वेधशाळेत रोजची छायाचित्रे घेतली जात राहिली. जॉन एव्हरशेड यांनी जानेवारी १९०९ मध्ये सौरडागांतील वायूंचा त्रिज्यात्मक प्रवाह येथेच शोधला. आज त्यास 'एव्हरशेड परिणाम' म्हणतात. सूर्याच्या शुभ्र प्रकाशातील छायाचित्रे १९०४ पासून, कॅल्शियमच्या 'के' रेषेतील छायाचित्रे त्याच दशकापासून आणि हायड्रोजनच्या 'एच-अल्फा' रेषेतील छायाचित्रे पुढील दशकापासून साठत गेली. १९७१ मध्ये भारतीय ताराभौतिकी संस्था स्वायत्त झाली आणि हा वारसा तिच्याकडे आला. नोंदी ज्या प्रश्नासाठी ठेवल्या जातात, त्याच प्रश्नासाठी त्या उपयोगी पडतील असे नाही. म्हणूनच नोंद ठेवणाऱ्याने भावी अभ्यासकाचा अज्ञात प्रश्न गृहीत धरला पाहिजे.

काचपट्टी : एक ऐतिहासिक साधन

कोडाईकनालचा संग्रह मुख्यतः काचेच्या छायाचित्रण-पट्ट्यांचा आणि पुढील काळात फिल्मचा आहे. कॅल्शियम रेषेतील काचपट्टीवर सूर्यबिंब सुमारे ६ सेंटिमीटर व्यासाचे, तर शुभ्र प्रकाशातील काचपट्टीवर ते सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचे असते. अशी काचपट्टी हाताळताना तिच्याकडे केवळ चित्र म्हणून पाहून चालत नाही. ती एक दस्तऐवज असते आणि प्रत्येक दस्तऐवजाप्रमाणे तिचेही बाह्य व अंतर्गत परीक्षण करावे लागते.

पहिला प्रश्न वेळेचा. छायाचित्र कोणत्या दिवशी, किती वाजता घेतले, हे हाताने लिहिलेले असते. ती वेळ स्थानिक की प्रमाण, याचा उलगडा करावा लागतो. दुसरा प्रश्न दिशेचा. सूर्याचा उत्तर ध्रुव चित्रात नेमका कोठे आहे, हे निश्चित न झाल्यास डागाचे अक्षांश चुकतात आणि त्यावर आधारलेली संपूर्ण आकृती चुकते. काच उलटी ठेवली गेली तर पूर्व-पश्चिम बदलते. तिसरा प्रश्न तेजाचा. छायाचित्रणाच्या रासायनिक थराचा काळेपणा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे काळेपणावरून मूळ तेज काढण्यासाठी स्वतंत्र मोजपट्टी लागते. याखेरीज धूळ, ओरखडे, बुरशी आणि थर सुटणे हे जुन्या दप्तराचे नेहमीचे शत्रू येथेही आहेतच. मोडी कागदाचा काळ, स्थळ आणि लेखक ठरल्याशिवाय त्याचा पुरावा म्हणून उपयोग होत नाही, तशीच या काचपट्ट्यांचीही स्थिती आहे.

अंकीकरण आणि त्याच्या मर्यादा

काचपट्ट्या कोडाईकनाल येथेच असल्याने त्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास दीर्घकाळ तेथे जावे लागे. साहजिकच संग्रह प्रसिद्ध होता, पण त्याचा वापर मोजक्यांपुरता राहिला. कॅल्शियम छायाचित्रांचे आधी ८ बिट क्षमतेचे अंकीकरण झाले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात समप्रकाश देणारा गोल आणि ४०९६ × ४०९६ बिंदूंचा कॅमेरा वापरून १६ बिट क्षमतेचे अंकीकरण हाती घेण्यात आले. ८ बिटमध्ये काळ्या ते पांढऱ्या रंगाच्या २५६ पायऱ्या नोंदवता येतात, तर १६ बिटमध्ये ६५,५३६. एकच काच, परंतु दुसऱ्या वेळी तिच्याकडून कितीतरी अधिक माहिती मिळाली. अंकीकरण झाले म्हणून मूळ साधन टाकून देता येत नाही, हे या दुहेरी अनुभवाने सिद्ध झाले. अंकीय प्रत ही त्या काळच्या तंत्राने केलेली नक्कल असते. अस्सल ते अस्सलच.

या प्रयत्नांतून १९२१ ते २०११ या काळातील शुभ्र प्रकाशातील डागक्षेत्रफळांची मालिका २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०२२ मध्ये ती १९०४ ते २०१७ अशी विस्तारण्यात आली. १९०७ ते २००७ या शतकभराच्या कॅल्शियम छायाचित्रांवरून चुंबकीय क्रियाशीलतेचे नकाशे तयार झाले. प्रतिमा संकेतस्थळावरून उपलब्ध झाल्या, तेव्हा त्यांचा उपयोग परदेशी संशोधकांनीही केला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या ४३ संचांतील २,९०,००० हून अधिक कॅल्शियम प्रतिमा एकत्र तपासून १८९२ ते २०१९ या काळाची मालिका सिद्ध करण्यात आली. कोडाईकनालचा संग्रह त्यातील एक महत्त्वाचा दुवा होता. एका वेधशाळेतील खंड दुसरीने भरून काढायचा, ही ग्रीनिचची जुनीच कल्पना. फरक इतकाच की, आता प्रवास काचांऐवजी संगणकीय फायलींचा होतो.

खुलेपणाचा आणखी एक लाभ येथे नोंदवला पाहिजे. अनेकांनी प्रतिमा वापरल्या की त्यांतील वेळ, दिशा किंवा तेज यांविषयीच्या त्रुटी उघड होतात आणि दुरुस्त करता येतात. कपाटात बंद असलेल्या दप्तरातील चूक कोणालाच दिसत नाही.

अवकाशयुग : एका दिवसात एक शतक

फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने 'सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी' हा उपग्रह सोडला. तो दिवसाला सुमारे १.५ टेराबाइट डेटा पाठवू लागला. त्याच्या मुख्य कॅमेऱ्यांच्या प्रतिमाही ४०९६ × ४०९६ बिंदूंच्याच आहेत. येथे एक साधा हिशेब उद्बोधक ठरतो. या आकाराची १६ बिट प्रतिमा संकोचन न करता ठेवल्यास सुमारे ३३.५ मेगाबाइट जागा व्यापते. रोज एक याप्रमाणे शंभर वर्षांच्या ३६,५०० प्रतिमा धरल्या, तर त्यांचे आकारमान सुमारे १.२ टेराबाइट भरते. म्हणजे कोडाईकनालसारख्या वेधशाळेचे शतक हे या उपग्रहाच्या एका दिवसापेक्षाही लहान आहे. तरीही उपग्रहाने कितीही डेटा पाठवला तरी त्याला १९२८ चा सूर्य दाखवता येणार नाही. आकारमान वाढवता येते. गेलेला काळ परत मिळवता येत नाही.

या उपग्रहावर डेटा साठवून ठेवणारे यंत्र नाही. त्यामुळे न्यू मेक्सिकोतील भूकेंद्राशी त्याचा संपर्क सतत राहील अशी कक्षा निवडण्यात आली. तेथून आलेला डेटा कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या केंद्रात जमा होतो. तेथील रचनेत एक महत्त्वाचे तत्त्व पाळले आहे. प्रतिमा वेगळ्या ठेवल्या जातात आणि त्यांचे वर्णन, म्हणजे वेळ, तरंगलांबी, दिशा व उपकरणाची स्थिती हा मेटाडेटा, वेगळ्या सारणीत ठेवला जातो. वर्णनात दुरुस्ती झाली तर अवाढव्य प्रतिमांना हात लावावा लागत नाही. शिवाय अभ्यासक आधी वर्णनावरून निवड करतो आणि मग हव्या तेवढ्याच प्रतिमा मागवतो. ग्रंथालयात तालिका पाहून ग्रंथ मागवण्याचीच ही पद्धत होय.

वितरणाच्या बाबतीत दोन सामायिक करार निर्णायक ठरले. पहिला 'फिट्स' या फाइलपद्धतीचा. १९८१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत प्रतिमेच्या आधी साध्या अक्षरांत तिचे वर्णन असते, त्यामुळे चार दशकांपूर्वीची फाइल आजही वाचता येते. दुसरा करार एकत्रित शोधाचा. 'व्हर्च्युअल सोलर ऑब्झर्व्हेटरी' या व्यवस्थेत सर्व डेटा एका जागी न आणता निरनिराळ्या संस्थांच्या संग्रहांचा शोध एकाच ठिकाणाहून घेता येतो. संग्रह ज्याचा त्याच्याकडे, तालिका मात्र सर्वांची, असे या व्यवस्थेचे सूत्र सांगता येईल.

परंतु आधुनिक दप्तरही निर्धोक नाही. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्टॅनफर्ड येथील केंद्रात पाण्याची नळी फुटून संगणककक्षात पाणी शिरले आणि डेटाची प्रक्रिया व वितरण दीर्घकाळ विस्कळीत झाले. सूर्याकडे पाहणारा उपग्रह शाबूत होता; खंडित झाली ती अभ्यासकापर्यंतची वाट. कागदाच्या दप्तराला जे पाण्याचे आणि वाळवीचे भय, तेच अंकीय दप्तराला पाण्याचे आणि यंत्रबिघाडाचे आहे. दूर अंतरावर दुसरी प्रत असणे, हाच त्यावरील जुना व खात्रीचा उपाय होय.

आदित्य-एल१ आणि पुण्याचा सहभाग

२ सप्टेंबर २०२३ रोजी इस्रोने 'आदित्य-एल१' हे यान सोडले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील नियोजित कक्षेत पोहोचले. त्यावरील 'सूट' ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखाली, तर 'व्हीईएलसी' हे प्रभामंडलाचे उपकरण भारतीय ताराभौतिकी संस्थेत तयार झाले. यानाचा डेटा बंगळुरूजवळील ब्यालालू येथील इस्रोच्या केंद्रात साठवला जातो आणि संशोधकांसाठी खुला केला जातो. 'सूट'च्या अकरा गाळण्यांपैकी एक कॅल्शियमच्या 'एच' रेषेसाठी आहे. कोडाईकनालमध्ये शंभर वर्षे टिपलेल्या 'के' रेषेची ती जोडरेषाच आहे. त्यामुळे काचपट्टीवरील जुना सूर्य आणि अवकाशातून दिसणारा आजचा सूर्य यांची तुलना करण्यास आधार मिळू शकतो. १९१२ मध्ये पुण्याची उपकरणे कोडाईकनालला गेली होती. आज पुण्यात घडलेल्या दुर्बिणीच्या प्रतिमांचा अर्थ लावताना कोडाईकनालच्या दप्तराची साथ घेता येते. मात्र त्यासाठी दोन्ही संग्रहांचे वर्णन परस्परांना समजेल अशा पद्धतीने नोंदले गेले पाहिजे.

निष्कर्ष

१) सौरनोंदींचे मूल्य मुख्यतः सातत्यावर अवलंबून असते. ग्रीनिच मालिकेच्या समाप्तीनंतर उद्भवलेली अडचण याची साक्ष देते.

२) संग्रहाच्या तीन कार्यांपैकी वर्णन हे कार्य सर्वाधिक दुर्लक्षित राहते. वेळ आणि दिशा यांची नोंद नसलेली काचपट्टी हे सुंदर चित्र असेल, पण पुरावा नव्हे.

३) अंकीकरण ही एकदा उरकून टाकण्याची बाब नाही. तंत्र सुधारते तशी ती पुन्हा करावी लागते. म्हणून मूळ साधनांचे जतन अनिवार्य आहे.

४) दुरुस्त मालिका देताना जुनी मालिका पुसून टाकू नये. ब्रुसेल्स येथील केंद्राने २०१५ मध्ये सौरडागसंख्येची मालिका नव्याने बसवली, तेव्हा आधीची आवृत्तीही उपलब्ध ठेवली. हा आदर्श अनुकरणीय आहे.

५) वितरण हे जतनाचेच एक अंग आहे. ज्या नोंदी अनेकांच्या हाती जातात, त्यांच्या प्रती टिकतात आणि चुका सुधारतात.

कोडाईकनाल येथे रोज सकाळी सूर्याचे छायाचित्र घेऊन काचेवर वेळ लिहिणाऱ्या अनेक सहायकांची नावे इतिहासात ठळकपणे आलेली नाहीत. पाऊस सांगता यावा म्हणून सुरू झालेले त्यांचे काम पाऊस सांगू शकले नाही. परंतु त्यांनी वेळ लिहिली म्हणूनच आज शंभर वर्षांनी त्या काचांना प्रश्न विचारता येतात. आजचा डेटा उद्याच्या अभ्यासकाला असाच वाचता येईल की नाही, हे आज त्यासोबत काय लिहून ठेवले जाते यावर अवलंबून राहील.